चांदीच्या डोळ्यांचा एपिसोड

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

रणजितसरांनी आज स्क्रिप्ट परत दिली. पहिल्या पानावर लाल पेनाने 'चालेल' एवढंच लिहिलं आहे. नऊ वर्षांत त्यांच्याकडून मला मिळालेला हा सगळ्यात मोठा शेरा.

आमच्या 'तिसरी चौकी' मालिकेत मी हवालदार आहे. गुन्हा कुठलाही असो, मी शेवटी येऊन म्हणतो, "साहेब, गाडी लावलीय." नऊ वर्षांत या वाक्याशिवाय फार काही बोललो नाही. पण खेड्यातला प्रसंग आला की सर मला हाक मारतात, "वैजनाथराव, असं बोलतात का हो तुमच्याकडे?" मग मी संवाद दुरुस्त करून देतो. जानेवारीत लेखक मालिका सोडून गेला, तेव्हा सर म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्याचं खोडताय, आता एक स्वतःचं लिहा." मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. पंधरा दिवस लागले.

गोष्ट माझ्याच गावची, परळीच्या पुढची. साल १९८६. मी दहा वर्षांचा. दादा, म्हणजे माझे वडील, भैरोबाचे गुरव. देवाला भरीव चांदीचे डोळे होते. दर वर्षी चैत्राच्या जत्रेआधी कादरचाचा कल्हईवाले यायचे, देवळासमोरच्या लिंबाखाली भाता लावायचे, गावाची भांडी उजळायचे आणि देवाचे डोळे चिंचेच्या पाण्यात घासून द्यायचे. त्या वर्षी डोळे गेले. मी पहाटे लघवीला उठलो होतो. घोंगडी पांघरलेला एक माणूस देवळातून बाहेर येताना मला दिसला. दादा म्हणाले, तो कादरच. गाव देवळात जमलं. आमच्याकडे खरंखोटं करायचं तर देवासमोर बेल उचलतात. दादांनी माझ्या हातात बेल दिला, मी तो उचलून चाचांचं नाव सांगितलं. लोकांनी त्यांचा भाता फाडला. ते परत कधी आले नाहीत.

खरा चोर कोण ते कधीच कळलं नाही. पण आमच्या मालिकेत चाळीस मिनिटांत चोर सापडावाच लागतो, म्हणून मी सरपंचाचा पुतण्या चोर केला आहे. कल्हईवाला निर्दोष ठरतो. चाचांच्या बाबतीत गावाची चूक झाली असं मला मोठेपणी वाटायला लागलं होतं. ती माझ्या परीने भरून काढली. नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं आठवलं तसं लिहिलं.

दादांची भक्तीही आली आहे. त्या वर्षानंतर ते गाभाऱ्यात कधी गेले नाहीत. पूजा चुलतभाऊ करायचा, दादा उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहायचे. "आपली आत जायची लायकी नाही," म्हणायचे. इतकी नम्रता मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. मी रोज सकाळी कसबा गणपतीला जातो, पण तसं उभं राहणं मला जमत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सेटवर आज देवळाचा प्रसंग झाला. सेट म्हणजे उसाच्या फडाशेजारचं गोडाऊन. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जायला लागल्या, की शूटिंग थांबतं.

आर्ट डिपार्टमेंटच्या आनंदीताईंनी मंडईतून बेल आणला होता. मी म्हणालो, मुलाच्या हातातल्या बेलाला दोनच पानं हवीत, तिसरं तुटलेलं. स्क्रिप्टमध्ये तसं लिहिलंच आहे. त्यांनी तिसरं पान काळजीपूर्वक खुडलं.

सरांनी विचारलं, "याचा क्लोज कशाला? आपल्याकडे कॅमेरा ज्याच्यावर थांबतो तो पुरावा असतो."

"सर, तसंच होतं."

"होतं म्हणजे?"

"दादांचा हात कापत होता. त्यात तुटलं असेल."

सरांनी स्क्रिप्टचं पान उलटलं. "ठीक आहे. वातावरण म्हणून ठेवू," म्हणाले.

माझं लहानपण करणारा साई नावाचा मुलगा छान करतो. बेल उचलताना त्याने खाली बघितलं. मीही खालीच बघितलं होतं.

२ मार्च, रविवार

आज एपिसोड लागला. माझ्या बायकोने, दीपमालाने, शेजारच्यांनाही बोलावलं होतं, खुर्च्या कमी पडल्या. नाव आलं: 'लेखन – वैजनाथ'. आडनाव राहिलं, पण चालेल.

आई पलंगावर टेकून बघत होती. तिला सगळ्या मालिका आवडतात, आमचीही, फक्त मी आलो की म्हणते, "आला बघा गाडीवाला." एपिसोडमध्ये गुरवाची बायको तालुक्याच्या दवाखान्यातून बरी होऊन बैलगाडीतून घरी येते. त्या वर्षी आई खरोखरच तशी आली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती, मोठं ऑपरेशन झालं, आणि देवाच्या कृपेने ती वाचली. तो प्रसंग मी मुद्दाम आईसाठी लिहिला होता.

तो लागला तेव्हा ती पलंगावर नव्हती. बेलाच्या प्रसंगालाच उठली होती. स्वयंपाकघरात बघितलं तर ओट्याला टेकून उभी.

"काय झालं?"

"पाठ भरलीय जरा."

३ मार्च, सोमवार

यूट्यूबवर एका दिवसात चार हजारांवर कमेंट. मी सगळ्या वाचायचं ठरवलं आहे. 'हवालदाराला लेखक करा आणि लेखकाला हवालदार करा.' 'कल्हईवाल्याचा भाता फाडतात तिथे आमची आजी रडली.' 'पहिल्यांदा असं वाटलं की लिहिणाऱ्याने बेल हातात घेतलाय.' हे शेवटचं वाचून बरं वाटलं.

गणपतीच्या रांगेत मागचे गृहस्थ म्हणाले, "बरं लिहिता की. मग नऊ वर्षं गाडी का लावत होतात?"

५ मार्च, बुधवार

आमच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. तिथे दत्तप्रसाद नावाचे निवृत्त गृहस्थ दर बुधवारी 'या आठवड्याच्या चुका' टाकतात. सगळं युनिट त्यांना घाबरून असतं. आज आमचा नंबर.

'१. १९८६ साली दाखवलेल्या भिंतीवर डिश अँटेनाचा स्टँड. कल्पना चांगली आहे. २. गुरवाच्या बायकोची बैलगाडी आणि तिच्या पुढच्या शॉटमधली बैलगाडी यांचे बैल वेगळे. बैल बदलून मिळत असल्यास पत्ता कळवावा. ३. सरपंचाच्या पुतण्याने चोरी का केली हे त्याला स्वतःलाही माहीत नसावे. ४. बेलाचे तिसरे पान गायब. शपथेचा बेल असा दाखवणाऱ्या आर्ट डिपार्टमेंटने मंडईत एकदा जाऊन यावे. लेखन मात्र प्रामाणिक. कळावे.'

६ मार्च, गुरुवार

प्रॉडक्शनवाल्यांनी चौथ्या चुकीवरून आनंदीताईंना सगळ्यांसमोर सुनावलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बस्स.

दुसऱ्यावर आळ येताना गप्प बसणं मला बरं वाटलं नाही. मी ग्रुपवर माझ्या नावाने लिहिलं: 'चार क्रमांकाची चूक आर्ट डिपार्टमेंटची नाही. ते पान मी सांगून तोडायला लावलं. ही गोष्ट खरी आहे. तो मुलगा मी आहे. माझ्या हातात आलेला बेल दोनच पानांचा होता.'

आनंदीताईंचा फोन आला. "वैजनाथदादा, कशाला लिहिलंत? मला सवय आहे."

मी म्हणालो, "खरं होतं ते लिहिलं. त्यात काय?"

८ मार्च, शनिवार

शंभू नावाच्या कुणीतरी माझ्या कमेंटखाली लिहिलं आहे. उतरवून ठेवतो.

'दादा, मीपण गुरवाचा मुलगा. लहानपणी आधी बेल निवडायला शिकवतात, मग चालायला. तुटका, किडका बेल देवाला चालत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे तर म्हातारे म्हणायचे, खंडित बेलावर घेतलेली शपथ लागत नाही. गुरवाच्या हातून असा बेल चुकून जात नाही. तुमच्या वडिलांनी तो निवडून दिला असणार. तुम्हाला शपथ लागू नये म्हणून. म्हणजे आपला मुलगा खोटं बोलतोय हे त्यांना माहीत होतं. माफ करा, वाटलं ते लिहिलं.'

मी खोटं बोललो नव्हतो. मला माणूस दिसला होता.

९ मार्च, रविवार

शंभूच्या कमेंटला नऊशे लाइक. त्याखाली लोकांनी तपास सुरू केला आहे. आमच्या मालिकेने नऊ वर्षं त्यांना हेच तर शिकवलं.

'मुलगा कुठेही म्हणत नाही की त्याने चेहरा बघितला. नाव बाप सांगतो. १२:४० बघा.'

'घोंगडी कुणाची? कल्हईवाल्याकडे आधीच्या सीनमध्ये गोधडी आहे. घोंगडी गुरवाच्या घरात खुंटीला आहे. ४:१५.'

'बायको मरायला टेकलीय आणि पुढच्या महिन्यात बरी होऊन येते. खर्च कुणी केला?'

'बाप नंतर गाभाऱ्यात का जात नाही? अरे देवासमोर कुठल्या तोंडाने जाणार.'

'लेखक जीनियस आहे. चोर एक दाखवला आणि पुरावे दुसऱ्याचे ठेवले.'

मी असले काही पुरावे ठेवलेले नाहीत. घोंगडी खुंटीला होती म्हणून लिहिली. दादा वारले त्याला बारा वर्षं झाली. सगळं गाव त्यांच्या पाया पडायचं. या लोकांना दर आठवड्याला एक चोर लागतो, दुसरं काही नाही. फोन कपाटात ठेवून दिला.

१० मार्च, सोमवार

जप केला. मन लागलं नाही. घोंगडी काळी होती, पांढऱ्या काठाची.

१२ मार्च, बुधवार

रणजितसर खूश आहेत. "लोकांनीच शेवट लिहून दिलाय, वैजनाथराव. दुसरा भाग करू. बाप चोर निघतो. आणि गाडी लावायला कोण येतं? तुम्ही. स्वतःच्या बापासाठी."

मी म्हणालो, "सर, ते माझे वडील आहेत."

"म्हणूनच म्हणतोय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं. राहू द्या. मी वाचलं तेव्हाच मला वाटलं होतं की तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

त्यांनी चहा मागवला.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

शूटिंगला सुट्टी. खाली गल्लीत रंग चालला होता. आई गच्चीत वाटाणे सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागलो.

मूठभर शेंगा झाल्यावर विचारलं, "आई, दादांची ती पांढऱ्या काठाची घोंगडी कुठं गेली?"

"कुठली?"

"खुंटीला असायची ती."

"मी दवाखान्यातनं आले तवा नव्हती. जाळली म्हणले. ढेकणं झालती."

"ढेकणं झाली म्हणून कुणी घोंगडी जाळतं का?"

आईने शेंग मोडली, दाणे काढले, साल वेगळ्या ताटलीत टाकली. सगळं नेहमीसारखं. मग म्हणाली, "चाळीस वर्षं झाली रं, वैजू. त्या माणसानं पुन्यांदा देवाला हात लावला न्हाई. मी जिवंत हाय म्हणून लावला न्हाई. ते बघत जगले मी. अजून काय विचारायचंय तुला?"

मला अजून काही विचारायचं नव्हतं. आम्ही वाटाणे संपवले.

आज लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला नाकारता येणार नाही. लोकांचा तपास बरोबर आहे. दादांनी देवाचे डोळे घेतले, ते विकून दवाखान्याचा खर्च केला आणि आई वाचली. मी देवळातून येताना बघितलेला माणूस माझा बाप होता. त्यांनी मला दुसऱ्याचं नाव दिलं, आणि ते मला लागू नये म्हणून बेलाचं एक पान तोडलं. माझ्यासाठी त्यांनी तेवढं केलं. चाचांसाठी काहीच केलं नाही.

आणि मी हे सगळं जसंच्या तसं लिहून चार लाख लोकांना दाखवलं आणि मला वाटलं, मी त्यांची भक्ती दाखवतोय.

१७ मार्च, सोमवार

मेसेज आला. 'नमस्कार. मी आलिमा. तुमची मालिका मी आठवीपासून बघते. माझे आजोबा कल्हई करायचे, आता थकलेत. त्यांना हा एपिसोड दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, हे गुरवाच्या वैजूनं लिहिलंय. मी म्हटलं, तुम्ही ओळखता? त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. बुधवार पेठेत माझ्या अब्बूंचं मिक्सर रिपेअरिंगचं दुकान आहे. आजोबा रोज तिथे येऊन बसतात. तुम्ही यावं असं ते म्हणालेले नाहीत. मी म्हणतेय.'

बुधवार पेठ. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. दगडूशेठला जाताना मी त्या बोळाच्या तोंडावरून किती वेळा गेलो असेन.

१८ मार्च

गेलो नाही.

२० मार्च

बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. हार घेतला, गणपतीला घालून परत आलो.

२३ मार्च, रविवार

आज गेलो.

दुकान चिंचोळं आहे, दोन्ही बाजूंना मिक्सर, पंखे, गुंडाळलेली तार. शहेजादभाई, चाचांचा मुलगा, माझ्याएवढाच असेल. वर न बघता म्हणाला, "गाडी कुठं लावलीत?"

मी म्हणालो, "चालत आलो."

"बरं केलंत. इथं गाडी लावायला जागा नाही." आणि परत स्क्रू काढायला लागला. मला वाटलं होतं तो रागवेल. ते सोपं गेलं असतं.

आलिमाने मागे नेलं. चाचा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. माझ्या आठवणीतले चाचा भात्यासमोर उकिडवे बसलेले असायचे, पातेल्यातून धूर निघायचा, कापसाचा बोळा फिरला की आतून चांदणं उजळायचं. हे फार लहान होते. बोटं मात्र तीच, टोकाला काळी.

"गुरवाचा वैजू ना तू?"

मी पाया पडलो. त्यांनी पडू दिलं. आशीर्वाद दिला नाही.

कुणी चहा विचारला नाही. मला वाटलं, माझ्या हाताला इथला कप लागू द्यायचा नाही. ते मी मनाशी मान्य करून बसलो. मग भिंतीवरचं रोज्याच्या वेळांचं कॅलेंडर दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली. पंच्याऐंशीच्या पुढचा माणूस उपाशीपोटी माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्याच्याही मनातलं स्वतःच लिहून मोकळा झालो होतो.

मी सगळं सांगितलं. घोंगडी, दवाखाना, बेल. चाचांनी ऐकून घेतलं.

"बेल मी तेव्हाच बघितला होता," ते म्हणाले. "तुझ्यासमोर दोन हातांवर उभा होतो. चाळीस गावच्या देवांची भांडी उजळली मी. मला दोन पानं, तीन पानं कळत नाहीत?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुझ्या बापाला बोललो. भाता फाडल्यावर, वेशीपाशी. म्हटलं, गुरवबुवा, पोराला वाचवलंत, माझं काय? ते म्हणाले, कादर, वैजूची आई आठ दिवस काढायची नाही. म्हटलं, ते झालं तुमचं. माझं काय?" चाचांनी बोटांची टोकं चोळली. "अजून जवाब आला नाही."

पुढे त्यांनी मोजकंच सांगितलं. देवाचे डोळे चोरणारा कल्हईवाला, हे त्यांच्या आधी पुढच्या गावी पोहोचायचं. बारा गावांनी भांडी दिली नाहीत. मग पुण्यात आले, कसब्यात तांब्याची भांडी करणाऱ्यांच्या हाताखाली राहिले. शहेजादला जाणूनबुजून कल्हई शिकवली नाही.

मी म्हणालो, "एपिसोडमध्ये तुम्ही निर्दोष ठरता."

"बघितलं. दोनदा बघितलं." ते माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तो सरपंचाचा पुतण्या. त्यानं काय केलं होतं?"

"काही नाही, चाचा. तो असाच. गोष्टीला चोर पाहिजे म्हणून."

"म्हणजे तवाबी एक नाव पाहिजे होतं म्हणून घेतलंस, आताबी एक नाव पाहिजे होतं म्हणून घेतलंस."

मी पुन्हा खाली बघितलं.

"तवा पोर होतास," चाचा म्हणाले. "आता न्हाईस."

निघताना विचारलं, मी काय करू. त्यांनी हात झटकला, जसे भांड्यातून जास्तीची राख झटकायचे. "जिथं बोललास तिथं बोल. ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर. टीव्हीत नको. टीव्हीत लई लोक असतात, पण माझं कुणी नसतं."

आलिमा म्हणाली, "मी व्हिडिओ काढायला येऊ का?"

"नको. ज्यांनी ऐकायचं ते तिथं हायेत. जेवढे उरले तेवढे."

बाहेर शहेजादभाईंनी मिक्सर सुरू करून बघितला. चालत होता. मला म्हणाले, "अब्बांना तुमची मालिका आवडते. ते म्हणतात, यांच्या चौकीत चोर सापडतो तरी."

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. आई पूजेला बसली होती, तेव्हा सांगितलं. चैत्री पौर्णिमेला जत्रा आहे. मी गावी जाऊन देवळात सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. पण तू म्हणालीस तरच.

मी घाबरलो होतो हे लिहायला हवं. गावात अजून दादांच्या नावाने पहिला नारळ फुटतो. मी बोललो की तो फुटणार नाही. आई शहात्तरची. तिचं उरलेलं आयुष्य म्हणजे गावातल्या त्या चार बायका आणि त्यांचे फोन. आणि ती जगली कशावर, हे मी लोकांना सांगणार. त्यापेक्षा तिने नको म्हणावं, असंही मला आतून वाटत होतं.

ती म्हणाली, "कादरभाई हाय अजून?"

"आहेत. रोज दुकानात येतात."

"माझी लग्नातली परात त्यांनी उजळलेली. अजून आतनं काळी पडली न्हाई." मग कडुलिंबाची चटणी माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "मी बी येनार. माझं तिकीट काढ."

२ एप्रिल, बुधवार

ईद परवा झाली. आलिमाकडून शीरखुर्म्याचा डबा आला. कुणी पाठवला ते विचारलं नाही.

ग्रुपवर दत्तप्रसादांनी लिहिलं आहे: 'मागील यादीतील चूक क्रमांक चार मागे घेत आहे. ती चूक नव्हती. चूक क्रमांक तीन मात्र कायम आहे.'

क्रमांक तीन म्हणजे सरपंचाचा पुतण्या. बरोबर आहे त्यांचं.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्री पौर्णिमा. गावी

पालखी सकाळीच देवळात आली. सगळं आटोपलं, म्हणून आता लिहितो.

मला काही ठरवावं लागलं नाही. गावाने माझा सत्कार ठेवला होता. फ्लेक्सवर माझा हवालदाराच्या टोपीतला फोटो. शाल, नारळ, फेटा. विश्वजीत नावाचा तरुण सरपंच माईकवर म्हणाला, "आता आपल्या गावचे सुपुत्र आपलं ते फेमस वाक्य म्हणतील." पोरं ओरडायला लागली, "गाडी, गाडी."

मी माईक घेतला. म्हणालो, "मला आधी बेल पाहिजे."

लोकांना वाटलं, हा अभिनय आहे. कुणीतरी हसलं. पुढे बसलेले सहा-सात म्हातारे मात्र हसले नाहीत. त्यांना कळलं असावं. आई बायकांतून उठली, देवळाच्या पायरीवरच्या टोपलीपाशी गेली आणि बेल निवडायला लागली. एक उचलला, उजेडात धरला, टाकला. दुसरा टाकला. सगळं गाव थांबलं होतं. गुरवाची बायको बेल निवडते तेव्हा मध्ये बोलत नाहीत.

तिने बेल माझ्या हातावर ठेवला. "मोज," म्हणाली.

मी मोजली. तीन पानं होती.

मग मी बोललो. पाच मिनिटंही लागली नसतील. नाव घेऊन सांगितलं: कादर कल्हईवाल्याने देवाचे डोळे घेतले नाहीत. ते माझ्या वडिलांनी घेतले. मी दहा वर्षांचा असताना इथे उभा राहून खोटं नाव घेतलं. ते मला दिलं गेलं होतं, पण उच्चारलं मी. चाचा पुण्यात आहेत. ज्यांनी भाता फाडला त्यांच्यापैकी कुणाला बोलायचं असेल तर पत्ता माझ्याकडे आहे.

टाळ्या नाहीत, काही नाही. शाल खांद्यावरून घसरली, ती कुणी उचलली नाही. मग म्हाताऱ्यांतून एक जण, मला नाव आठवत नाही, उठून हळूहळू माझ्यापाशी आले. मला वाटलं, मारतात की काय. म्हणाले, "पत्ता दे." बाकीचे उठून दुसऱ्या बाजूने गेले. आईच्या मैत्रिणींपैकी दोघी तिच्याजवळ बसून राहिल्या, दोघी गेल्या.

मंडप रिकामा झाल्यावर मी बेल वाहायला देवळात गेलो. भैरोबाला आता वर्गणीचे नवे डोळे आहेत, जरा मोठे. उंबऱ्यापाशी पाय थांबले. इथेच, डाव्या खांबाला लागून, दादा सत्तावीस वर्षं उभे राहिले होते.

आई मागून आली. तिने माझा दंड धरून मला पुढे ढकललं.

"तू जा आत. बेल वाहा."

"आणि तू?"

ती खांबाला लागून उभी राहिली आणि हात जोडले.

"मी थांबते हितंच," ती म्हणाली.